जावई गेला, सूनबाई आली, रखवालदार जागा झाला

लोक म्हणतात, माझी आत्या फोटो काढते. ते अर्धंच खरं आहे. फोटो काढायला काय, बटण दाबलं की निघतो. आत्याचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. वाऱ्यानं उडालेली बट खाली बसवायची, वाकडी कॉलर सरळ करायची, रडक्या बाळाच्या नाकाखालचं पुसायचं, नोकरीच्या अर्जासाठी आलेल्या मुलाच्या डोळ्यांखालचं काळं थोडं उजळायचं. थोडंच. ‘‘सगळं पुसायचं नसतं,’’ आत्या म्हणते. ‘‘सगळं पुसलं, तर मुलाखतीला गेल्यावर विचारतील, तुम्ही फोटोतल्यांचे थोरले भाऊ का?’’

आमच्या घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली म्हणजे तिचा स्टुडिओ. एक फिरतं स्टूल, मागे निळा पडदा, पांढऱ्या कापडाच्या दोन छत्र्या, एक आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. बांधलेला का, तर आधीचे सतरा कंगवे गिऱ्हाइकांबरोबर परस्पर नांदायला गेले. मागे लाकडी आडभिंत आणि तिच्यापलीकडे कॉम्प्युटर. आत्या कॉम्प्युटरपुढे बसली की तिच्या जिभेचं टोक ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर येतं. किती बाहेर आलंय त्यावरून काम ओळखायचं. नुसतं गुलाबी दिसलं तर अर्जाचा फोटो. चांगलं अर्धा इंच दिसलं तर लग्नाचा अल्बम, आणि अशा वेळी तिला चहा विचारायचा नाही, जीभ चावते.

हे काम तिला आजोबांनी शिकवलं. त्यांच्या वेळी निगेटिव्ह काचेवर ठेवून, खालून उजेड सोडून, सुईसारख्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग भरायचे. पुढे कॉम्प्युटर आला आणि फोटो सुधारायचं ते प्रसिद्ध, महागडं सॉफ्टवेअर आलं. तेव्हा ते सीडीच्या तबकडीवर मिळायचं, एकदा घेतलं की आपलं. आत्यानं बारा वर्षं त्याच्याबरोबर संसार केला. कुठलं बटण कुठे आहे हे तिला बघावं लागत नसे. दिवे गेले तरी आईला मिठाचा डबा सापडतो ना, तसं.

आता कारखान्याचं सांगते.

आमच्या रस्त्याच्या टोकाला काचेच्या बरण्यांचा कारखाना आहे. तिथली भट्टी कायम पेटलेली, त्यामुळे सगळे कामगार एका वेळी एका जागी कधीच नसतात. एक पाळी आत, तर दुसरी घरी. वर्षातून एकदाच भट्टी थंड करून साफ करतात. त्या दिवशी चौऱ्याऐंशी माणसं अंगणात उभी राहतात आणि आत्या त्यांचा फोटो काढते. तो फ्रेम होऊन जेवणघराच्या भिंतीवर लागतो आणि पुन्हा कधी उतरत नाही. सगळ्यात जुन्या फोटोत मोठ्या साहेबांच्या डोक्यावर दाट केस आहेत. भिंतीवर पुरावा आहे म्हणून बरं, नाहीतर कुणी विश्वास ठेवला नसता.

या वर्षीचा फोटो खास होता. एकतीस वर्षं फाटकावर बसलेले रखवालदार काका येत्या शनिवारी निवृत्त होणार होते. म्हणून त्यांना पहिल्या रांगेत, मधोमध, थेट साहेबांच्या शेजारची खुर्ची. हे काका म्हणजे चालतीबोलती नोंदवही. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं हे लिहून लिहून त्यांना वेळ घातल्याशिवाय वाक्यच पूर्ण करता येत नाही. ‘‘कसे आहात काका?’’ विचारावं, तर म्हणतात, ‘‘सहा पंचवीसला गुडघा दुखायला लागला, सात दहाला थांबला.’’

रविवारी सकाळी आत्या अंगणात स्टुलावर चढली आणि तिनं आवाज लावला.

‘‘सगळ्यांनी चष्मे काढा, उजेड चमकतो! हनुवट्या वर! मागचे मिशीवाले, समोर बघा, पुढच्याच्या टकलात काय शोधताय? हं, तयार... एक, दोन...’’

खटक.

‘‘काका, डोळे मिटले तुमचे. परत एकदा.’’

खटक.

‘‘काका...’’

‘‘मिटले?’’

‘‘मिटले.’’

असे सहा फोटो झाले. सहाही फोटोंत त्र्याऐंशी माणसं समोर बघतायत आणि पहिल्या रांगेत, मधोमध, रखवालदार गाढ झोपलेत. पाचव्या फोटोत तर तोंडही थोडं उघडं आहे. भट्टीवरचे मिस्त्री मागून ओरडले, ‘‘ताई, जाऊ द्या हो! एकतीस वर्षं कारखाना असाच राखलाय त्यांनी!’’

चौऱ्याऐंशी माणसं खदाखदा हसली. म्हणजे, त्र्याऐंशी.

सोमवारी काका एक कापडी पिशवी घेऊन स्टुडिओत आले. आत्याच्या टेबलावर त्यांनी एकेक फोटो मांडला, पुरावे मांडावेत तसा.

‘‘हा लग्नातला. संध्याकाळी सहा चाळीस. ही बायको. हा मी.’’

काकू टवटवीत, शेजारी काका ढाराढूर.

‘‘हा मुलगी झाली तेव्हाचा. सकाळी दहा पाच. तिचेही डोळे मिटलेत, पण ती दोन दिवसांची होती. हे माझं ओळखपत्र. फाटकावर सगळ्यांची ओळखपत्रं मीच तपासतो, माझं कुणी मागितलं नाही, म्हणून निभावलं.’’

‘‘काका, एकही फोटो उघड्या डोळ्यांचा नाही?’’

‘‘एकही नाही.’’ काका खुर्चीच्या टोकावर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘‘ताई, कसं आहे, हे सगळे फोटो कपाटात राहतात. तो मात्र भिंतीवर राहणार. मी घरी गेल्यावर नवी मुलं येतील, जेवताना वर बघतील, विचारतील, हे मधले कोण? कुणीतरी सांगेल, हे रखवालदार. आणि रखवालदार झोपलेला. एकतीस वर्षांत कामावर माझा एकदाही डोळा लागला नाही, ताई. एकदासुद्धा नाही. आणि भिंत मात्र कायमची उलटं सांगत राहणार.’’

आत्या विरघळली. ती गिऱ्हाइकापुढे एरवी विरघळत नाही. ‘‘घरी जा तुम्ही,’’ ती म्हणाली. ‘‘शनिवारी भिंतीवर टक्क जागे असाल. माझा शब्द.’’

शब्द दिला सोमवारी, आणि मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर गेला. आधी गुरगुरला, मग निळा झाला, मग काळा झाला, मग जळक्या वायरीचा वास आला. फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात सुखरूप होते. बाकी सगळं संपलं.

चौकात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक आहे, त्याला सगळे पेचकस म्हणतात. तो आला, त्यानं मागचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि मान खाली घालून बाहेर आला. त्याची बोलायची पद्धतच तशी आहे, शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आल्यासारखी.

‘‘ताई, धीर धरा. आटोपलं सगळं. फार हाल झाले नाहीत, एवढंच समाधान.’’

‘‘दुसरा आण,’’ आत्या म्हणाली.

त्यानं दुपारपर्यंत एक वापरलेला, बऱ्या प्रकृतीचा कॉम्प्युटर आणून बसवला. आत्या तबकडी घेऊन तयार. पण नव्याला तबकडी घालायला जागाच नव्हती.

‘‘आता कुणी तबकड्या वापरत नाही, ताई. तुमचं ते जुनं सॉफ्टवेअर यावर चालायचंही नाही. नवं घ्या.’’

‘‘घेते. कुठे मिळतं?’’

‘‘विकत नाही मिळत. भाड्यानं. दर महिन्याला भरायचं. भरलं नाही, की बंद.’’

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. ‘‘म्हणजे बघ,’’ ती सावकाश म्हणाली. आत्या ‘म्हणजे बघ’ म्हणाली की समोरच्यानं खुर्ची मागे सरकवावी. ‘‘दर महिन्याला मान द्यायचा. नाही दिला, की तोंड फुगवून निघून जाणार. अरे, हे सॉफ्टवेअर नाही, हा जावई आहे! आणि मला तर मुलगीही नाही.’’

पेचकस जवळ सरकला. ‘‘एक मार्ग आहे. कुलूप तोडलेली कॉपी. मी गुपचूप टाकून देतो, कुणाला कळायचं नाही.’’

‘‘लोकांची तोंडं नीट करण्यात माझं आयुष्य गेलं. आता स्वतःचं लपवत फिरू?’’

‘‘मग फुकटातलं घ्या.’’

‘‘आत्ताच नको म्हटलं ना?’’

‘‘ते चोरीचं. हे खरंच फुकट. कुठकुठले लोक मिळून बनवतात आणि सगळ्यांना वापरायला देतात.’’

‘‘फुकट देतात? मग त्यांना काय मिळतं?’’

‘‘समाधान.’’

‘‘आणि जेवतात काय?’’

पेचकस कॉम्प्युटरकडे वळला. त्यानं ते उतरवून दिलं आणि बिचारा चहा न घेता पळाला.

ते फुकटातलं सॉफ्टवेअर म्हणजे तसं भरलेलं घर होतं. जुन्यात जे जे होतं, त्यातलं बहुतेक सगळं त्यात होतं, पण एकही वस्तू जागेवर नव्हती. आत्याची बोटं बारा वर्षांच्या सवयीनं जुन्या जागी जायची आणि भलतंच व्हायचं. डाग पुसायला गेली, तर अख्खा चेहरा हिरवा. चेहरा निवडायला गेली, तर नाक उचलून कानाशेजारी. मंगळवारी संध्याकाळपर्यंत आडभिंतीमागून नुसते हुंकार येत होते. शेवटी ती वर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

‘‘येतं सगळं तिला,’’ ती आईला म्हणाली. ‘‘नाही असं नाही. पण सगळे डबे भलतीकडे लावलेत हो!’’

आई पोळ्या लाटत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, ‘‘वन्सं, मी या घरात आले तेव्हा तुम्ही शेजारी जाऊन अगदी हेच वाक्य बोलला होतात.’’

आत्या दारातून आत आली. मग म्हणाली, ‘‘तुला ऐकू आलं होतं?’’

‘‘भिंत एकच आहे.’’

‘‘बरं. मग आपलं जमलं कधी?’’

‘‘तुम्ही डबे शोधत धुसफुसायचं सोडलंत आणि मला विचारायला लागलात, त्या दिवशी.’’

त्या क्षणापासून त्या सॉफ्टवेअरचं नाव सूनबाई पडलं. आणि आत्यानं खरोखरच विचारायला सुरुवात केली. इंटरनेटवर कुठल्यातरी घोगऱ्या आवाजाच्या माणसानं सूनबाईचं सगळं घर फिरवून दाखवलं होतं. दर तीन वाक्यांनी तो खाकरायचा. आत्या त्याला थांबवायची, वहीत लिहायची, पुढे चालवायची. बुधवारी दुपारपर्यंत कॉम्प्युटरच्या चारी बाजूंनी चिठ्ठ्या चिकटल्या: ‘डाग: इथे. जुन्या जागी बोट नेऊ नये.’ ‘हिरवं झालं तर घाबरू नये, मागे जावे.’ ‘नाक हलले तर तेच.’

आणि एकदा फुकटाची चटक लागल्यावर ती काय थांबते! अर्जाचे आठ फोटो एका कागदावर बसवायला तिनं एक छोटंसं सॉफ्टवेअर शोधून काढलं, ते एवढंच करतं आणि चोख करतं. त्याचं नाव चिमटा. फोटोमागचं अंगण, वाळत घातलेले कपडे, घुसलेलं कुत्रं काढून टाकायला एक सापडलं, ते कॉम्प्युटरवर ठेवावंच लागत नाही, इंटरनेट उघडलं की आपण होऊन येतं. काम करतं, पण करता करता सारखं सांगतं, हे घ्या, ते घ्या, इकडे सवलत आहे. ते अर्थातच शेजारीण. हजार फोटोंतून हवा तो झटक्यात शोधून देणारं एक, त्याचं नाव पोस्टमन. आत्या जेवतानाही त्यांच्याबद्दल बोलायची. ‘‘आज शेजारणीनं केस फार छान सोडवले, एकेक केस वेगळा.’’ बाबांना वाटलं, खरंच कुणी शेजारीण तिचे केस विंचरते. ते दोन दिवस त्याच समजुतीत होते.

बुधवारी संध्याकाळी आत्यानं काकांचं काम हातात घेतलं. जीभ पाऊण इंच बाहेर. डोळे उघडायचे म्हणजे कुठून तरी उघडे डोळे आणायचे. काकांचे स्वतःचे तर कुठेच नव्हते. मग तिनं त्याच फोटोत उसने डोळे शोधले. फोटो सुधारणाऱ्या माणसाला चेहऱ्यात माणूस दिसत नाही, उजेड दिसतो. सावली कुठल्या बाजूची, आकार केवढा, नजर कुठे. पहिल्या रांगेत शेजारीच, त्याच उन्हात, त्याच मापाचे दोन झकास डोळे होते. आत्यानं उचलले, काकांच्या चेहऱ्यावर ठेवले, रंग मिसळला, कडा पुसल्या. कुठे जोड दिसेना. सूनबाईवर जाम खूश झाली आणि गुरुवारी सकाळी नमुना कारखान्याच्या कचेरीत पाठवून दिला.

तासाभरात फोन. कचेरीतल्या टायपिस्ट बाई अगदी दबक्या आवाजात बोलत होत्या.

‘‘ताई, फोटो मिळाला. छान आहे. पण का कोण जाणे, उघडला आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले.’’

‘‘का?’’

‘‘माहीत नाही. शिपाई आला, त्यानं बघितला आणि तोंडातली सुपारी गिळली. मिस्त्री आले, त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. आता सगळे ताठ उभे राहून बघतायत.’’

आत्यानं फोटो उघडला. आता पहिल्यांदाच तिनं उजेड सोडून माणसाकडे बघितलं. आणि कपाळावर हात मारला.

ते साहेबांचे डोळे होते.

मोठे साहेब चष्म्याच्या वरून बघतात. वाक्याच्या शेवटी ‘काय?’ म्हणतात आणि त्या ‘काय’ला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. ‘‘बरण्या मोजून ठेवायच्या. काय?’’ ‘‘उद्या वेळेवर यायचं. काय?’’ आता फोटोत ती नजर दोनदा होती. साहेब साहेबांच्या खुर्चीत, आणि साहेब रखवालदाराच्या खुर्चीत. कामगारांवर चारही डोळे रोखलेले.

दुपारी काका स्वतः आले. टोपी हातात धरून उभे राहिले.

‘‘ताई, साडेअकराला फोटो बघितला. छानच आलाय. डोळे उघडे आहेत, तक्रार काहीच नाही. फक्त...’’

‘‘फक्त काय, काका?’’

‘‘अकरा एकतीसला मला माझीच भीती वाटली.’’

आत्या इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. काकाही हसले, पण त्यांचं हसू लगेच ओसरलं. शनिवारला एकच दिवस उरला होता. ‘‘असाच लावा म्हणालात तरी लावू,’’ ते म्हणाले. ‘‘झोपलेल्यापेक्षा बरा. पण मग भिंतीवर मी नसेन, ताई. माझ्या टोपीखाली साहेब असतील.’’

‘‘उद्या सकाळी या,’’ आत्या म्हणाली. ‘‘दुसऱ्या कुणाचे डोळे नकोत. तुमचेच काढू.’’

‘‘निघायचे नाहीत. मला कळतं ना, कुणीतरी आपल्याकडे रोखून बघतंय. एकतीस वर्षं तेच काम केलंय.’’

‘‘फाटकावर कॅमेरा आहे की. त्यात तरी सापडतील.’’

‘‘तो रस्त्याकडे तोंड करून आहे. मी त्याच्या मागे बसतो.’’

शुक्रवारी सकाळी काका स्टुलावर बसले. आत्यानं सगळे डावपेच केले. एक, दोन म्हणून तीनला दाबायच्या ऐवजी दोनलाच दाबलं. मिटले. कॅमेरा पडद्याआड लपवून लांबून दाबलं. मिटले. ‘‘काका, ते बघा फाटकातून कोण शिरलं!’’ म्हणून ओरडली. काका ताडकन उभे राहिले, फोटोत फक्त पँट आली. आवाज न करणाऱ्या फोनवर प्रयत्न केला. तरीही मिटले.

‘‘आवाज नव्हता ना आता?’’ आत्या वैतागून म्हणाली.

‘‘आवाज नव्हता. पण तुम्ही दाबायच्या आधी श्वास धरता.’’

चाळीस फोटो झाले. काका घामाघूम. आत्यानं त्यांना पंख्याखाली बसवलं आणि ते चाळीस फोटो पोस्टमनमध्ये टाकून एकामागून एक भरभर पुढे सरकवायला लागली, पत्ते पिसावेत तसे. एकदा सरकवले. दोनदा. तिसऱ्यांदा तिची जीभ बाहेर आली, ती आत जाईचना.

‘‘काका, इकडे या.’’

सगळ्याच फोटोंत दोन्ही डोळे मिटलेले नव्हते. आत्या मात्र सगळे सरसकट ‘मिटले’ म्हणून टाकून देत होती. काही फोटोंत डावा पूर्ण मिटलेला होता आणि उजवा अजून उघडा. काहींत उलट, डावा उघडून लख्ख झालेला, आणि उजवा अजून बंद. काकांचा डावा डोळा आधी जायचा आणि आधी परत यायचा. उजवा सावकाश मागून.

‘‘तुमच्या डोळ्यांच्या पाळ्या आहेत, काका,’’ आत्या म्हणाली. ‘‘डावा सुटला की उजवा काम बघतो. डावा परत आला, की मग उजवा घरी.’’

काका वाकून बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू फुलला. ‘‘म्हणजे फाटक कधीच रिकामं नव्हतं!’’

‘‘मधे जरा वेळ दोघंही नसतात. रविवारचे सहा फोटो तेव्हाचेच आले.’’

‘‘चहाला गेले असतील,’’ काका म्हणाले.

पुढचं काम सूनबाईचं. तिच्यात एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे फोटो ठेवता येतात. खाली कारखान्याच्या अंगणातले झोपलेले काका. त्यांच्यावर अठराव्या फोटोतला उजवा डोळा, त्यावर एकतिसाव्यातला डावा. एका फोटोत काकांची मान किंचित वाकडी होती, ती बोटभर फिरवून घेतली. स्टुडिओतला उजेड पांढरा आणि अंगणातलं ऊन पिवळं, म्हणून डोळ्यांत थोडं ऊन ओतलं. मग आत्यानं मऊ खोडरबर घेतलं आणि दोन्ही डोळ्यांभोवतीचं नको ते पुसत आणलं, अगदी हळू. आजोबांची पेन्सिल अशीच चालायची म्हणे. मधेच तिचं बोट सवयीनं जुन्या जागी गेलं आणि काका हिरवेगार झाले. ‘‘अरे बापरे!’’ म्हणून काका किंचाळले, पण आत्यानं न घाबरता एक पाऊल मागे घेतलं. चिठ्ठी न वाचता.

शेवटी ती खुर्चीत मागे रेलली. काकांनी चष्मा लावला.

पडद्यावर साहेब होते, मिस्त्री होते, मिशीवाले होते आणि मधोमध एक म्हातारा माणूस समोर बघत होता. नजर जरा मिश्किल, जरा संशयी. ‘कोण पाहिजे? सही करा’ म्हणणारी.

काकांनी वाकून स्वतःला निरखलं. मग विचारलं, ‘‘ताई, पण हे खोटं नाही ना? मी असा बघत होतो ना?’’

‘‘दोन वेगवेगळ्या क्षणी बघत होता. अर्धं अर्धं. पण दोन्ही अर्धी तुमचीच आहेत, उसनं काही नाही.’’

शनिवारी दुपारी कारखान्याच्या जेवणघरात निरोपाचा कार्यक्रम झाला. सुटलेली पाळी घरी न जाता थांबली होती आणि येणारी पाळी लवकर आली होती. आत्यानं ठेवणीतली साडी नेसली होती. मला म्हणाली, ‘‘लांबून जोड दिसला तर मला कोपरानं ढोस.’’

साहेबांनी फ्रेमवरचं कापड ओढलं आणि मागे सरले. मिस्त्री सगळ्यांत पुढे होते. त्यांनी डावीकडे जाऊन बघितलं, उजवीकडे जाऊन बघितलं. मग वळून म्हणाले, ‘‘कुठेही उभं राहा, हे बघतातच! आता डब्यातली पोळी कोण चोरणार?’’ हशा झाला. टायपिस्ट बाईंनी टाळ्या सुरू केल्या. साहेब फोटोपाशी गेले, चष्म्याच्या वरून आधी स्वतःचे डोळे बघितले, मग काकांचे. ‘‘परवाच्या नमुन्यात काहीतरी वेगळं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘काय?’’

मिस्त्रींनी शर्टाचं वरचं बटण लावलं. आत्या छताचा पंखा बघत होती.

मग काकू पुढे आल्या. एवढा वेळ त्या मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळे बाजूला झाले, कारण हे खरे काका की नाही, ते त्यांनाच कळणार होतं. त्यांनी फोटो नीट बघितला, मग नवऱ्याला बघितलं, मग परत फोटो.

‘‘हेच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी दूध गॅसवर ठेवून विसरले की अगदी असेच बघतात.’’

आत्यानं धरलेला श्वास सोडला. तो अख्ख्या जेवणघराला ऐकू आला.

काका अजून हलले नव्हते. आता ते भिंतीजवळ गेले आणि फोटोतल्या काकांच्या बरोबर समोर उभे राहिले. नजरेला नजर. मिस्त्री मागून मोजायला लागले, ‘‘एक... दोन... तीन...’’ दोन्ही पाळ्या मोजायला लागल्या. सात. आठ. काकांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. नऊ. त्यांनी जिवाच्या आकांतानं डोळे ताणले. दहा. अकरा. आणि मिटले. डावा आधी, उजवा मागून. फोटोतला माणूस बघतच होता.

सगळ्यांनी ओरडून ओरडून जेवणघर डोक्यावर घेतलं. काका डोळे पुसत मागे सरकले, टोपी काढली, भिंतीकडे एकदा मान झुकवली आणि म्हणाले, ‘‘भरवशाचा माणूस आहे. याच्यावर सोडून मी घरी जाऊ शकतो.’’

काकूंनी पिशवी उचलली. ‘‘मग चला,’’ त्या म्हणाल्या.